माजघरातील कोनाडा

आमच्या घरात एक लहानशी पांढरी पेटी आहे. आकाराने ती पंचांगाहून फारशी मोठी नाही. पाठीवर दोन काड्या उभ्या, अंगावर मिणमिणणारे चार हिरवे दिवे आणि शेपटीसारखी एक बारीक तार. तिला राउटर म्हणतात. घरातील सर्वांचे तिच्यावाचून अडते. पण तिच्याकडे पाहत मात्र कोणीच नाही. दिवाणखान्यातील लोखंडी कपाटामागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर, ती चार वर्षे लटकत होती. तिला ही जागा कोणी नेमून दिली, असे कोणी विचारले असते तर मला उत्तर देता आले नसते. तार खिडकीतून आत आली, खिडकीशेजारी भिंतीत एक जुना खिळा होता आणि तार ओढणाऱ्या गृहस्थांना पुढच्या घरी जाण्याची घाई होती. एवढ्यावर तिचा निकाल लागला. माझ्या पत्नीलाही ती जागा पसंत पडली, कारण तेथे ती पेटी पाहुण्यांना दिसत नसे.

या पेटीची मला कधी दखल घ्यावी लागली असती, असे वाटत नाही. ती घ्यावी लागली आईमुळे.

माझ्या आईचे वय आज चौऱ्याऐंशी वर्षांचे आहे. तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, लग्न होऊन इंदूरला गेली आणि तिकडचीच झाली. पूर्वी दोघींचा सारा व्यवहार पत्रांचा. लग्नकार्यात भेट व्हायची, तीही धावपळीत. २०२० साली टाळेबंदी आली, घरोघरची दारे मिटली, तेव्हा तिकडे मावशीच्या नातवाने आणि इकडे मी, त्या दोघींना फोनच्या पडद्यावर एकमेकींचे तोंड दाखविले. तेव्हापासून दुपारचे चार वाजले की आमच्या घरात इंदूर अवतरू लागले. “अक्का, जेवलीस का?” हा पहिला प्रश्न, आणि त्याचे उत्तर पाऊण तास चाले.

एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. आईला ऐकू फार कमी येते. कानाचे यंत्र आहे. पण त्यातून शब्दांपेक्षा भांड्यांचा आवाजच अधिक ऐकू येतो, अशी तिची तक्रार. ती माणसाच्या ओठांकडे पाहून बोलणे ओळखते. ही विद्या तिला कोणी शिकविली नाही. ऐकणे जसजसे कमी झाले तसतशी ती आपोआप येत गेली. म्हणून साधा फोन तिच्या उपयोगाचा नाही. तिला बहिणीचे ओठ दिसले पाहिजेत, आणि ते हलताना दिसले पाहिजेत.

गेल्या वर्षी पावसाळ्यात ती न्हाणीघरात घसरून पडली व तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट झाली. परंतु तिची खाट दिवाणखान्यातून माजघरात न्यावी लागली, कारण माजघराला न्हाणीघर लागून आहे. आमचे घर पुण्यातील एका जुन्या पेठेत आहे. भिंती तळाशी दगडाच्या, वर भाजक्या विटांच्या, आणि रुंदी अशी की दाराच्या चौकटीत एक माणूस पाय पसरून बसावा. उन्हाळ्यात या भिंतींचे आम्ही फार कौतुक करीत असू. माजघराला तर बाहेरची खिडकीच नाही. तेथे दुपारीही दिवा लावावा लागतो.

माजघरात गेल्यापासून चार वाजताच्या बोलण्यात काहीतरी बिघडले. मावशी बोलता बोलता थिजून जाई. तोंड अर्धे उघडे, एक हात वर, अशी ती चित्रासारखी बसून राही. आवाज कधी पुढे धावे, कधी बुडून जाई. मग एकदम चित्र हाले, तोवर ती तिसऱ्याच विषयावर गेलेली असे. डोळ्यांनी ऐकणाऱ्या माणसाची यात काय अवस्था होत असेल, याचा विचार तेव्हा आमच्यापैकी कोणी केला नाही. आम्ही “नेटवर्क नाही” असे म्हणून मोकळे होत होतो. आईला हा शब्द समजत नव्हता. तिला एवढेच दिसत होते की, बहीण बोलता बोलता मध्येच गप्प होते.

“ती काहीतरी लपवते आहे माझ्यापासून,” असे ती एके दिवशी म्हणाली. आणि पुढच्याच आठवड्यात, मी चार वाजता फोन घेऊन गेलो तेव्हा, तिने तोंड भिंतीकडे केले. “आज नको रे. तिला कंटाळा आलेला दिसतो माझा.”

त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी जे केले ते बहुतेक सर्वच गृहस्थ करतात. मी कंपनीला फोन करून भांडलो. पलीकडील मुलगी शांतपणे म्हणाली की, त्यांच्याकडून ५० मेगाबिटचा वेग व्यवस्थित येत आहे. हवा असल्यास अधिक पैसे भरून तो दुप्पट करता येईल. मी तो दुप्पट केला. माजघरात रतीभरही फरक पडला नाही. दोन बहिणींच्या गप्पांना दोन-तीन मेगाबिट पुरतात, हे मला फार नंतर कळले. अंगणातील हौद काठोकाठ भरलेला असावा, स्वयंपाकघरातील नळाला मात्र थेंब नसावा, आणि घरधन्याने आणखी पाण्यासाठी नगरपालिकेशी भांडावे, तसा तो प्रकार होता. त्या मुलीचे म्हणणे खरे होते. तिच्यावर आवाज चढविल्याची मला आजही लाज वाटते.

अखेर शेजारचा नववीतील मुलगा मदतीला आला. माझे सारे आयुष्य भाषा शिकविण्यात गेले. विज्ञानाची आणि माझी ओळख रस्त्यात भेटल्यावर नमस्कार करण्याइतपतच. त्या मुलाने मात्र आल्याबरोबर पहिला प्रश्न विचारला, “काका, मोजलंत का?” मी म्हटले, “चित्र थांबतं हे दिसतंच आहे. त्यात मोजायचं काय?” त्याने आपला फोन काढला. पडद्यावर एक आकडा होता. पेटीपासून तीन मीटरवर, कपाटासमोर, तो उणे ४० होता. आम्ही चालत माजघरात गेलो. उंबरा ओलांडताच आकडा घसरू लागला आणि आईच्या उशाशी तो उणे ८७ वर जाऊन थांबला.

“म्हणजे निम्म्याहून कमी झालं,” मी म्हटले. तो हसला. हे डेसिबेलचे गणित आहे, त्यात दहाचा फरक म्हणजे दहापट, वीसचा म्हणजे शंभरपट, असे त्याने मला समजाविले. सत्तेचाळीसचा फरक म्हणजे सुमारे पन्नास हजारपट! दिवाणखान्यात जी लहर रुपयाएवढी होती, ती आईच्या खाटेपर्यंत पोहोचताना रुपयाचा पन्नास हजारावा भाग उरत होती.

त्याने वहीच्या पाठपानावर पुढचा हिशेब मांडला. अंतर दुप्पट झाले की लहरीचे बळ चौथ्या हिश्शावर येते. आईची खाट पेटीपासून बारा मीटर, म्हणजे तीन मीटरच्या चौपट. तेव्हा अंतरामुळे बळ सोळापट घटावयास हवे. ते घटले पन्नास हजारपट. मग उरलेली तीन हजारपटीची तूट कोणी खाल्ली? आम्ही दोघेही भिंतींकडे पाहू लागलो. मग त्याची नजर लोखंडी कपाटाकडे गेली आणि तो टाळी वाजवून म्हणाला, “काका, चोर इथेच आहे!”

ही पेटी बोलते ती रेडिओच्याच लहरींतून. एका सेकंदात सुमारे २४० कोटी आंदोलने, आणि एका लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे पोस्टकार्डाच्या लांबीहून किंचित कमी. लाकूड, कापड, पातळ भिंत यांतून ही लहर थोडीशी थकून पार जाते. दगडामातीच्या जाड भिंतीत ती फार थकते आणि भिंत ओली असली तर अधिकच, कारण पाणी या लहरी शोषून घेते. धातूपुढे मात्र तिचे काही चालत नाही. ती परत फिरते. आम्ही पेटीच्या तोंडाशी साडेसहा फूट उंचीचे लोखंड उभे करून ठेवले होते, आणि माजघर नेमके त्याच्या पलीकडे होते. याच पेटीत दुसरीही एक लहर असते, सेकंदाला ५०० कोटींहून अधिक आंदोलनांची. ती वेगाने पुष्कळ काम करते, पण भिंत दिसली की पहिलीपेक्षा लवकर हात टेकते. मोकळ्या दिवाणखान्यासाठी ती, आणि भिंतीपलीकडच्यांसाठी पहिली, असा साधारण हिशेब.

जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात अशाच अदृश्य लहरी भिंतींपार पाठवून पलीकडची घंटा वाजविली होती आणि बंदुकीची दारू पेटवून दाखविली होती, हे मी शाळेत शिकलो आहे. तेव्हा माझ्या मनात शंका आली, आणि ती मी त्या मुलाला विचारली. सव्वाशे वर्षांपूर्वी जे भिंतीतून गेले ते आज का जाऊ नये? तो म्हणाला, “काका, घंटेला एकदाच ‘वाज’ म्हणायचं होतं. आजींच्या फोनला दर सेकंदाला लाखो अक्षरं पाठवायची आहेत.” लहर क्षीण झाली की ही यंत्रे सावकाश बोलू लागतात, हे मला त्याच्याकडूनच कळले. दूरच्या माणसाशी आपण एकेक अक्षर तोडून बोलतो ना, तसेच. एखादा शब्द पोहोचला नाही तर तो पुन्हा सांगतात, पुन्हा सांगतात. आणि तोवर मागचे सारे शब्द रांगेत ताटकळत राहतात. मावशी तोंड अर्धे उघडे ठेवून थिजत होती ती त्या रांगेत.

पुढचा रविवार पेटी हलविण्यात गेला. मी पेटी हातात धरून लांब तारेसह घरभर हिंडत होतो. मुलगा आईच्या उशाशी बसून आकडे ओरडत होता. “उणे ८३! उणे ८५! गेलं, गेलं! मागे या!” आणि एकाएकी मला चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे घर आठवले.

पुण्यात दूरदर्शन आले ते १९७३ साली, सिंहगडावरील मनोऱ्यावरून. आमच्या घरी संच आला त्यानंतर काही वर्षांनी. गच्चीवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांची ती अँटेना उभी असे, तोंड सिंहगडाकडे. वारा सुटला, किंवा एखादा लठ्ठ कावळा तिच्यावर बसला की खाली पडद्यावर मुंग्यांचे वारूळ फुटे. मग वडील गच्चीवर जात, थोरला भाऊ जिन्यात उभा राही, मी खिडकीत, आणि आई संचासमोर. वडील नळी फिरवीत. “आलं का?” हा प्रश्न जिन्यातून माझ्यापर्यंत आणि माझ्याकडून आईपर्यंत येई. आईचे उत्तर मात्र कोणाच्या मध्यस्थीवाचून सरळ गच्चीवर पोहोचे. “आलं! हलू नका!” असा तिचा आवाज साऱ्या वाड्याला ऐकू जाई. शेजारच्या बिऱ्हाडकरूंना त्यावरून चित्रपट सुरू झाल्याचे कळे. त्या काळी तिचे कान इतके तीक्ष्ण होते की, वडील गच्चीवर पुटपुटलेले सुद्धा तिला खाली ऐकू येई, आणि त्यावरून कधी कधी भांडणही होई.

तीच आई आता खाटेवर पडून, हा मुलगा कशाला ओरडतो आहे म्हणून कुतूहलाने पाहत होती.

जागा सापडली ती ओटीच्या आणि दिवाणखान्याच्या मधल्या दारावर, उंच फळीवर. तेथून माजघराच्या दाराकडे पाहता येई. पेटीच्या पाठीवरील दोन्ही काड्या मी ऐटीत माजघराकडे रोखल्या, बंदुकीसारख्या. मुलाने त्या पुन्हा सरळ उभ्या केल्या. काडीच्या टोकातून काही बाहेर पडत नाही. लहर काडीच्या चहूबाजूंनी, उभ्या खांबाभोवती चाक असावे तशी पसरते, आणि टोकाच्या दिशेने सर्वांत कमी जाते. आकडा उणे ७४ झाला. तेरा डेसिबेल, म्हणजे वीसपट! एका फळीने आणि दोन खिळ्यांनी जे झाले, ते मी महिनाभर दुप्पट पैसे भरूनही झाले नव्हते.

तरीही मावशी थिजेच. पूर्वीपेक्षा कमी, पण थिजे. त्या मुलाने शेजारपाजारच्या पेट्यांची यादी काढली तेव्हा आमच्या भिंतींतून चौदा नावे डोकावताना दिसली. सगळ्यांनाच त्या २४० कोटींच्या अरुंद बोळातून जायचे. त्या बोळात एकमेकांना धक्का न लावता चालता येतील अशा वाटा तीनच, पहिली, सहावी आणि अकरावी. आणि बहुतेकांनी सहावी धरलेली. ही यंत्रे स्वभावाने मोठी सभ्य असतात. बोलण्यापूर्वी ऐकतात, दुसरा बोलत असेल तर थांबतात. आमच्या शाळेच्या शिक्षकसभेत हा नियम लागू असता तर माझी कितीतरी वर्षे वाचली असती. पण चौदा सभ्य माणसे एका बोळात आली की प्रत्येकाचा वेळ थांबण्यातच जातो. आम्ही अकरावी वाट धरली.

शिवाय बरोबर चार वाजून पाच मिनिटांनी काहीतरी बिनसे, ते निराळेच. तो उलगडा माझ्या पत्नीने केला. चार वाजता ती आईसाठी दूध तापवीत असे, मायक्रोवेव्हच्या भट्टीत. तिच्यातील लहरी सेकंदाला २४५ कोटी आंदोलनांच्या, म्हणजे जवळजवळ त्याच बोळातल्या. आणि भट्टीचे दार कितीही घट्ट असले तरी त्यांतील अल्पसा अंश बाहेर झिरपतोच. माणसाला त्याची बाधा नाही, पण त्या नाजूक कुजबुजीला तो पुरे होतो. दूध पुन्हा गॅसवर तापू लागले.

मग मी एक चूक केली. बाजारात लहर पुढे ढकलणारे एक उपकरण मिळते. ते भिंतीतील विजेच्या खोबणीत खोचावयाचे. मी ते आणले आणि मोठ्या विश्वासाने आईच्या उशाशीच खोचले. आकडा सुंदर आला, पट्ट्या पाचही भरल्या, आणि मावशी पूर्वीपेक्षाही अधिक थिजली. मुलगा शाळेतून आल्यावर कपाळाला हात लावून म्हणाला, “काका, त्याला स्वतःलाच जिथं नीट ऐकू येत नाही, तिथं ते दुसऱ्याला काय सांगणार?” ते उपकरण वाटेच्या मध्यावर, जेथे अजून चांगले ऐकू येते तेथे, ठेवावयाचे असते. शिवाय एकाच तोंडाने ऐकायचे आणि तेच पुन्हा सांगायचे म्हटल्यावर त्याचा निम्मा वेळ ऐकण्यातच जातो. पट्ट्या भरल्या म्हणजे निरोप पोहोचला, असे नव्हे. तो उघडपणे बोलला, पण बोलताना त्याने एकदा आईकडे पाहिले आणि जीभ चावली. आईने त्याचे ओठ वाचले होते. ती हसत होती.

शेवटी तारच ओढायची ठरली. एका पेटीपासून दुसऱ्या पेटीपर्यंत पंधरा मीटर साधी तार. तिला भिंतीची पर्वा नाही आणि शेजाऱ्यांचीही नाही. भिंतीला भोक पाडावयाला मात्र माझे मन होईना. आजोबांच्या वेळी घरात वीज आली तेव्हा तारा लाकडी पट्ट्यांवरून नेलेल्या होत्या. त्यातील एक पट्टी अजून दिवाणखान्यापासून माजघरापर्यंत चौकटीच्या वरून जाते. वरच्या तारा कधीच काढल्या, पट्टी राहिली. नवी तार आम्ही तिच्यावरून नेली. जिथे पट्टी भिंतीत शिरते तेथील भोक, बोटभर रुंदीचे, तयारच होते.

दुसरी पेटी कोठे ठेवावी, हा प्रश्न आईनेच सोडविला. तिच्या खाटेसमोर भिंतीत एक कोनाडा आहे. वीज नव्हती तेव्हा तेथे दिवा ठेवीत. कोनाड्याचे छत अजून काजळीने काळे आहे. दर दिवाळीला चुना दिला तरी दोन महिन्यांत ती काजळी पुन्हा वर येते. आईने तिकडे बोट दाखविले. “दिवा तिथेच ठेवायचा असतो. साऱ्या खोलीत पडतो.” मुलगा क्षणभर विचार करून म्हणाला, “आजी, बरोबर आहे. उंच आहे, समोर आहे, मध्ये काही नाही.”

आम्ही पेटी कोनाड्यात ठेवली. हिरवे दिवे लागले. आकडा उणे ४५.

चार वाजायला दहा मिनिटे होती. आईचा नकार मी गृहीत धरला होता. गेले तीन आठवडे ती मावशीशी बोलली नव्हती. मी न विचारताच फोन लावला आणि तिच्यापुढे धरला. पडद्यावर मावशी आली. मागे इंदूरच्या घराची निळी भिंत, भिंतीवर दिनदर्शिका. तिच्यावरील तारखासुद्धा वाचता येत होत्या. मावशी रडत होती. आई काही वेळ नुसती बघत राहिली. मावशीचे ओठ हलत होते, न थांबता हलत होते, आणि आईचे ओठही नकळत तसेच हलू लागले.

“आलं!” आई एकदम म्हणाली. बहिऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज नसतो. तो आवाज ओटीवर माझ्या पत्नीलाही ऐकू गेला. “हलू नकोस. आलं!”

मी हललो नाही. फोन धरून तसाच उभा राहिलो. मावशी सांगत होती की, अक्का फोनवर येत नाही म्हणून तिने अन्न टाकले होते. आईही तेच सांगत होती, पण उलट बाजूने. मग दोघींनी एकमेकींना पुरेसे रागावून घेतले. मग मावशीने पुढे वाकून विचारले, “अक्का, जेवलीस का?”

आईने फोन माझ्या हातातून घेतला, उशीला टेकवून उभा केला, आणि मान न वळविता, हातानेच मला खोलीबाहेर जावयाला सांगितले.